अकरा वर्षांनी छापलेली दुरुस्ती

बाई, दिवाळीच्या सुट्टीत सौंसरला आले आहे. काल बाजारातून परतताना तुमच्या घरावरून गेले. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तिथे दुसरं कुटुंब राहतं. दहावीत रोज संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून गणितं सोडवायचे. गाव मध्य प्रदेशात, शाळा हिंदी, म्हणून वहीत हिंदी. तुमचं रागावणं मात्र आपल्या बोलीत. एकदा मी लिहिलं, 'स्पष्ट है कि दोनों त्रिभुज सर्वांगसम हैं.' तुम्ही पोळी लाटताय, वहीकडे बघतही नाही. मी वाक्य वाचते आणि लाटणं थांबतं.

"मले तं नाही दिसून राहिलं स्पष्ट. तुले दिसते, तं दाखव."

मला दाखवता आलं नाही. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली, त्याचाही दोष तुम्ही मलाच दिला.

पुढे गणितातच संशोधन केलं, आता विद्यापीठात शिकवते. बरं चाललंय. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थिनीने माझा पहिला शोधनिबंध वाचताना विचारलं, "मॅम, इथे नुसतं 'स्पष्ट आहे' लिहिलंय. ही पायरी आली कशी?" याच निबंधावर मला नोकरी लागली होती. मी फळ्यापाशी गेले आणि अर्ध्यात थांबले. एक अट घातल्याशिवाय ती पायरी खरी नव्हती, आणि निबंधात अट नव्हती. एक सहकारी म्हणाले, अकरा वर्षांत कुणाला दिसलं नाही, आता कशाला उकरता. नोकरीची, नावाची भीती मलाही वाटली. तरी अट घालून सिद्धता पुन्हा लिहिली. प्रमेय लहान झालं, पण टिकलं. दुरुस्ती त्याच नियतकालिकात छापून आली. कुणी हसलं नाही. उलट एका अनोळखी माणसाने कळवलं की तोही तिथेच अडला होता. हल्ली वर्गात मला हलकं वाटतं.

दुरुस्तीत मी विद्यार्थिनीचे आभार मानले, चूक तिने दाखवली असं लिहिलं. ते खरंच आहे. पण मूळ निबंध लिहिताना त्याच पायरीवर माझा पेन अडला होता, बाई. दोन दिवस झटले, जमलं नाही, आणि 'स्पष्ट आहे' लिहून मी पुढे गेले. हे तिला अजून सांगितलेलं नाही. सुट्टी संपली की सांगेन म्हणते. पण 'सांगेन, सांगेन' असं तर मी वर्षभर म्हणूनच राहिले.