अकरा ध्वनिमुद्रणे, जशीच्या तशी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : मी, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय गिटारवादन व गिटारदुरुस्ती. पैकी पहिल्याने कीर्ती दिली नाही, दुसऱ्याने घर चालवले. मी स्वहस्ते लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नीस याविषयी पूर्वापार शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलण्यात येणार आहे. "नेहमीचंच ऑपरेशन आहे," असे शल्यविशारद म्हणाले. त्यांचे नेहमीचे असेल. माझे पहिलेच आहे. सबब, कोणाच्याही दडपणाविना आणि बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध, पुढील व्यवस्था करीत आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, दर्शनी भागातील कार्यशाळा आणि पावसाळ्यात न मिटणारी एक खिडकी, हे सर्व पत्नीच्या मालकीचे होईल. बँकेतील शिल्लकही तिचीच. ती शिल्लक अशी आहे की तिच्यावरून आप्तांत कलह माजण्याचा यत्किंचितही संभव नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही पत्नीच राहील, कारण मी हयात असताना माझीही तीच होती.

कलम २. दुरुस्तीची हत्यारे समोरच्या सायकलदुरुस्तीवाल्या बाईंस द्यावीत. पैकी बारीक कानस गेली तीन वर्षे त्यांच्याकडेच आहे. "उद्या देते हो," हे त्यांचे वचन मी आता माझ्या बाजूने रद्द करीत असून सदर कानशीचा ताबा कायदेशीर करीत आहे.

कलम ३. कपाटातील वरच्या फळीवरचा बंद पडलेला कॅसेट प्लेअर. हा माझा आद्यगुरू होय, म्हणून याच्याविषयी थोडे विस्ताराने.

सतराव्या वर्षी माझ्यापाशी एक गिटार, एक कॅसेट आणि हे यंत्र एवढीच संपदा होती. कॅसेटवर एका थोर वादकाची गत होती. ती ऐकून ऐकून मी उतरवली. तिच्यातला प्रत्येक लांब स्वर मध्येच किंचित खाली बुडे आणि पुन्हा वर येई. ही त्या वादकाची दैवी करामत आहे, असा माझा दृढ समज झाला. ती साधण्यासाठी मी आठ महिने बोटे झिजवली. तार गिटारच्या दांडीवर एक घर अलीकडे दाबायची, आधीच आडवी खेचून स्वर जागेवर आणायचा, मग केसभर सैल सोडायची, पुन्हा खेचायची. बोटांना भेगा पडल्या, मग घट्टे पडले, मग ते साधले.

ते घेऊन मी मास्तरांपुढे गेलो. मास्तर म्हणजे ज्यांच्या वाद्यवृंदात मी पुढे तेवीस वर्षे वाजवले ते. त्यांनी अर्धी गत ऐकली आणि हात वर केला.

"हा स्वर आहे का बुडणारा माणूस? खाली जातोय, वर येतोय."

"कॅसेटमध्ये असंच आहे, मास्तर."

त्यांनी तीच कॅसेट आपल्या यंत्रावर लावली. प्रत्येक स्वर छडीसारखा सरळ. माझ्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला होता, म्हणून स्वर बुडत होते. बदलायला दहा मिनिटे लागली असती.

"अरे, याने बिघाड पाठ केलाय," मास्तर म्हणाले, आणि अख्खा वाद्यवृंद हसला. मीही हसलो, कारण नोकरी हवी होती. त्यानंतर तेवीस वर्षे मी सरळ वाजवले. श्रोते "हुबेहूब!" म्हणून दाद देत. ज्याचे हुबेहूब, तो मात्र मी कधीच नसे.

सदर यंत्र कोणाला देऊ नये, दुरुस्तही करू नये. फळीवर असू द्यावे.

कलम ४. कार्यशाळेतील वेताची खुर्ची टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंस द्यावी. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवंगत पतीची गिटार दुरुस्तीला घेऊन आल्या व याच खुर्चीत बसल्या. काम झाल्यावर तारा पारखण्यासाठी मी तीच गत छेडली. समोर मास्तर नव्हते, म्हणून बोटांची जुनी खोड वर आली.

"हे परत वाजवा बघू," त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

मी सवयीने त्या थोर वादकाचे नाव सांगितले.

"नाही हो. ते वाजवून वाजवून आमच्या ह्यांनी तीस वर्षं माझा जीव खाल्लाय. हे ते नव्हे."

मी त्यांना यंत्राची कथा सांगितली. त्या गंभीरपणे ऐकत होत्या.

"मशीन चालू आहे अजून?"

"केव्हाच बंद पडलं."

"मग आता कोण वाजवतंय?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझी पुढची सहा वर्षे गेली आणि अकरा ध्वनिमुद्रणे झाली. मास्तरांस कळले तेव्हा त्यांनी निरोप धाडला की, म्हातारपणी चळ लागला. मी उलट निरोप धाडला की, चळ तरुणपणीच लागला होता, आपण तो तेवीस वर्षे दाबून धरलात.

कलम ५. माझा मेट्रोनोम, म्हणजे टकटक करीत लय मोजणारे यंत्र, माझ्या मेहुण्यास द्यावा. मेहुणा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओचा मालक असून त्याला चुकणारी कोणतीही वस्तू आवडत नाही. गेल्या आठवड्यात तो इस्पितळाच्या तपासणीला सोबत आला होता, तेव्हा म्हणाला, "दाजी, तुम्ही एकदा आडवे पडलात की अकराच्या अकरा साफ करून घेतो. बुडालेले स्वर उचलू, तारांची करकर काढू. लोक म्हणतील, काय सुरेल वाजवायचा माणूस!" "वाजवायचा" हा भूतकाळ त्याने माझ्या देखत वापरला, त्याबद्दल मेट्रोनोमची किल्ली देऊ नये.

कलम ६. अकरा ध्वनिमुद्रणे. या मृत्युपत्राचे प्रयोजनच हे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

ही मुद्रणे मेहुण्याच्याच स्टुडिओत झाली आणि यंत्रापाशी माझी कन्या बसली होती. ती तेथे ध्वनितंत्रज्ञ आहे व तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, हे मी येथे प्रथमच लेखी मान्य करतो. गेल्या वाढदिवसाला तिने मला भेट दिली : पहिले ध्वनिमुद्रण, संगणकावर दुरुस्त केलेले. मी शेवटपर्यंत ऐकले.

"बाबा, फक्त स्वर जागेवर आणलेत. बाकी कशाला हात लावला नाही."

"कोण वाजवतंय?"

"तुम्हीच की."

"ओळखलं नाही मी."

"तुम्हाला ना, कुणी चांगलं केलेलं सोसतच नाही," ती म्हणाली आणि चहा तसाच टाकून गेली. या गोष्टीस पाच महिने झाले. आम्ही परस्परांशी हवापाणी, औषधे आणि विजेचे बिल या विषयांवर सौजन्याने बोलतो.

म्हणून काल मी या जागी लिहिले होते : "उक्त ध्वनिमुद्रणांस यावच्चंद्रदिवाकरौ कोणीही बोट लावू नये, जशी आहेत तशीच वाजवावीत." भाषा मला भव्य वाटली. पत्नीस वाचून दाखवले. ती कपडे घड्या करीत होती.

"अहो, हे तर मास्तरांचंच झालं."

मास्तरांनी थकल्यावर आपली गिटार मला दिली होती ती एका अटीवर, की तिच्यावर त्यांनी शिकवले तेवढेच वाजवायचे. मी शब्द दिला आणि पाळला. परिणामी, माझे वाजवणे बदलले तेव्हापासून, ती उत्तम गिटार नऊ वर्षे पेटीत पडून आहे.

वरील ओळ मी खोडली आहे व खाडाखोडीवर सही केली आहे. तिच्या जागी असे वाचावे :

अकराही ध्वनिमुद्रणे माझ्या कन्येच्या पूर्ण मालकीची. तिने ती ठेवावीत, पुसावीत, उलटी वाजवावीत, सरळ करावीत. तिच्या कानाला मी अट घालणार नाही. अट घातलेल्या कानांचे काय होते ते मी तेवीस वर्षे पाहिले आहे. मास्तरांची गिटारही तिचीच, विनाअट. मात्र माझे नाव हे माझ्या मालकीचे असून ते मी कोणासही देत नाही. ज्या मुद्रणातला एकही बुडालेला स्वर उचलला जाईल, त्यावर माझे नाव छापू नये. ज्याने उचलला त्याचे छापावे, ठळक अक्षरांत. श्रोत्यांना मी बेसूर वाटलो तर खुशाल वाटू दे. ती बदनामी मी कष्टाने मिळवली आहे आणि ती मला अखंड हवी.

इतर कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे कलम थांबणार नाही, ते आजपासून अमलात आहे. कन्येने वाढदिवसाच्या त्या मुद्रणावरचे माझे नाव आजच खोडावे व स्वतःचे लिहावे. ते लिहिताना तिचा हात अडखळला नाही, तर ते वादन तिचे. अडखळला, तर मूळ मुद्रण तिच्याच संगणकात आहे. पुढे काय करायचे ते तिला मी सांगायला नको.

स्थळ : कार्यशाळेतील टेबल.
दिनांक : बुधवार, सकाळी साडेदहा, शस्त्रक्रियेस दोन दिवस अवकाश.
सही : (लिहून ठेवणार)

साक्षीदार १ : आमचे डॉक्टर. "लिहून ठेवणाराने माझ्यासमक्ष सही केली. ते शुद्धीवर आहेत, नम्र नाहीत."

साक्षीदार २ : खालच्या मजल्यावरील दंतवैद्य. "माझ्यासमक्ष सही झाली. आवाजाबद्दलच्या माझ्या तक्रारी कायम आहेत. तथापि सत्य म्हणून नोंदवतो की, वाढदिवसाचे ते मुद्रण वर लावले होते, तेव्हा यांच्याकडे कोणी पाहुणा वाजवायला आला आहे असे मला वाटले होते."