ज्योत्स्नाचे दात आणि पुनाची म्हैस

मेहरूण, जळगाव

ती. पितांबरनाना यांस, धाकटा मामेभाऊ शालिग्राम याचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). धुळ्यात, तुमच्या देवपुरात थंडी कशी आहे? तुमचा गुडघा काय म्हणतो?

विषय आमच्या नातीच्या, ज्योत्स्नाच्या दातांचा. तुमच्या सूनबाई डॉ. कामिनीने तिच्या तारा काढून दात जागेवर धरणारा रिटेनर दिला, तेव्हा बजावलं होतं की दातांना जुनी जागा आठवत राहते. जेवणापुरताच हा काढायचा, नाहीतर ते परत तिकडे सरकायला निघतात. शाळेत पाठ केलेल्या ओळीसारखं ते वाक्य माझ्या मनात बसलं. (वाक्य बसलं, सूचना नाही.)

रविवारी आमच्या शेतकरी मित्राच्या, पुनाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. डबी घरी राहिलेली, म्हणून ज्योत्स्नाने रिटेनर माझ्या हातात दिला. "आबा, सांभाळा. आणि कविता म्हणू नका, नाहीतर विसराल." मी तो माझ्याच केळीच्या पानाच्या कडेला, ठेच्यापासून लांब ठेवला. पण भाजल्या वांग्याच्या धुरकट वासाने चौथीतली एक कविता आठवली, तिचं दुसरं कडवं काही केल्या येईना, आणि ते शोधता शोधता रीतीप्रमाणे सगळ्यांची पानं गोळा करून मी म्हशीपुढे टाकली. कडवं सापडलं. तेवढ्यात पुना ओरडला, "आबा, म्हैस काय कडकड चावी रायनी?"

म्हैस सुखरूप आहे. रिटेनर तिने टाकून दिला, पण तो आता माणसाला बसण्याजोगा नाही. ("तिचे तरी सरळ झाले असतील," इति ज्योत्स्ना.) आमच्या सूनबाई, ज्योत्स्नाची आई, माझ्याशी पोळी वाढण्यापुरतंच बोलतात.

आपला,
शालिग्राम

ता. क. कामिनीकडे ज्योत्स्नाच्या दातांचा साचा असेल. त्यावरून नवा रिटेनर होईल का, विचारावं.

आणखी एक. फार घाई नको. पुढच्या दोन दातांत कालपासून दोऱ्याएवढी फट दिसते. तिच्या आजीला तशीच होती. 'स' म्हणताना बारीक शीळ यायची. काल पोरगी "साखर" म्हणाली आणि मी चहा तसाच धरून बसलो. आजी गेल्यापासून हा आवाज घरात नव्हता, नाना.

शेवटचं. घाई करावी. आज शेजारीण काही विनोदाचं बोलली, तेव्हा ज्योत्स्ना तोंडावर हात ठेवून हसली. तारा निघाल्यापासून तिने तसं केलं नव्हतं. उद्याच्या पहिल्या एसटीने आम्ही धुळ्याला निघतो. नवी डबी तिची आई धरणार आहे, मला खिडकी दिली आहे. म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा बहुधा मी तुमच्यासमोरच बसलेला असेन. मधला, 'घाई नको'चा मजकूर मोठ्याने वाचू नका.