बाजूच्या सीटवरचा आवाज

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

लावले शेवटी! गाडीच्या पुढच्या दोन्ही दरवाजांत नवे स्पीकर. जुने काढून प्रफुल्लने माझ्या हातात दिले. कागदाचे, फुंकर मारली तर उडतील असे. "यात काय ऐकत होतास रे सात वर्षं?" म्हणाला.

काय ऐकायचंय ते त्याला सांगितलं नाही. गाणी, म्हटलं.

घरी येऊन बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच काचा वर केल्या आणि अप्पांचा मेसेज लावला. एक्केचाळीस सेकंद. आधी खरखर ऐकू यायची, आता भारीतली खरखर ऐकू येते. मूर्ख आहे मी!

१० फेब्रुवारी

नम्रताला कळलं. "जुन्या गाडीत एवढे पैसे घालतात? उद्या विकायला काढलीस तर स्पीकरचे कोणी दमडी देणार नाही." बायको बरोबर असली की जास्तच राग येतो.

"हेडफोन घे ना मग चांगले," म्हणाली. घेतले होते. हेडफोनमध्ये अप्पा माझ्या डोक्याच्या आत खोकतात. दोनदा ऐकलं आणि काढून फेकले. तेही तिला सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी

आईने आज परत विचारलं. "काय म्हणाले होते रे ते? कळलं का काय?"

दोन वर्षं हेच. सोळा मार्च दोन हजार तेवीस, अप्पांचे तीन मिस्ड कॉल. मार्चएंड, फोन सायलेंटवर. तीन बावन्नला हा व्हॉइस मेसेज. साडेचारला दादरच्या फूलबाजाराशी फुटपाथवर कोसळले. कोणा परक्या माणसांनी हॉस्पिटलला नेलं. मी पोचलो तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

दादरला का गेले होते, कोणाला माहीत. भाजीला असतील. परळची भाजी त्यांना कधी पसंत पडली नाही.

येत्या सोळा मार्चला दुसरा स्मृतिदिन. सोसायटीच्या हॉलमध्ये वंदना, मग जेवण. आईचा हट्ट — त्या दिवशी अप्पांचे शेवटचे शब्द सगळ्यांना ऐकवायचे. "चाळीस वर्षं माणूस गायन पार्टीत गायला. दत्ताराम उभा राहिला की मागची माणसं माइक नको म्हणायची. आणि शेवटचं काय बोलला ते बायकोला ठाऊक नाय?"

ऐकवतो म्हणालो. शब्द दिलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा प्रफुल्लकडे. त्याने दरवाजा उघडून पत्र्यावर टिचकी मारली. टण्ण. "हे बघ! पत्रा असा वाजतोय तोवर लाखाचे स्पीकर लाव, काय फायदा नाय. तुझ्या पैशाने दरवाजा गातोय." आतून डांबरी शीट चिकटवली, दिवसभर. आता दार लावलं की धप्प. महाग गाडीसारखं.

खरंच फरक पडला! खोकला वेगळा ऐकू येतो, गाड्यांचे हॉर्न वेगळे. हॉर्न मागे, लांब. म्हणजे अप्पा रस्त्यावर नव्हते. कुठेतरी आत होते.

१७ फेब्रुवारी

आत कुठे?

२० फेब्रुवारी

आवाज साफ करणारं ॲप लावून पाहिलं. त्याने खरखर काढली आणि तिच्याबरोबर अप्पांचा श्वासही काढला. खोकलासुद्धा पुसला! नालायक ॲप. उडवून टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रफुल्लला खरं सांगितलं. मेसेज ऐकवला. हातातला पेचकस खाली ठेवून ऐकला त्याने. मग म्हणाला, "सम्यक, धंद्याचं नुकसान करून सांगतो. जे फाइलमध्ये नाही ते मी स्पीकरमधून कुठून आणू? वर आणि भारी सिस्टीममध्ये खराब रेकॉर्डिंग अजून खराब ऐकू येतं. काही लपत नाही त्यात."

मला तेच हवंय म्हटलं. लपायला नको काही.

अ‍ॅम्प्लिफायर आणि आवाज जुळवायचा प्रोसेसर, दोन्ही घ्यायचं ठरलं. मग विचारतो कसा, "आवाज कुठे बसवू? म्हणजे कुठून आल्यासारखा वाटायला हवा? लोक डॅशबोर्डच्या मधोमध मागतात." माझ्या तोंडून निघून गेलं — बाजूच्या सीटवर. त्याने मान हलवली आणि कामाला लागला.

२७ फेब्रुवारी

पंच्याऐंशी हजार. झालं. आकडा एकदा लिहिला, परत लिहिणार नाही.

१ मार्च, शनिवार

अप्पा बाजूला बसलेत.

कसं लिहू हे? डोळे मिटले की तिथे, डावीकडे, हाताच्या अंतरावर श्वास. लांब, अडकत अडकत. नुसत्या मोबाइलवर तो श्वास ऐकूच आला नव्हता. दोन वर्षं खिशात घेऊन फिरलो आणि माहीत नव्हतं की माणसाला एवढा दम लागलाय. डोळे उघडले, सीट रिकामी. परत मिटले. सात वेळा ऐकलं. वॉचमन येऊन काच वाजवेपर्यंत. "साब, तबीयत ठीक है ना?"

२ मार्च, रविवार

गाडी घेऊन नम्रताबरोबर माटुंग्याला गेलो. ती डाव्या सीटवर बसायला लागली आणि मी ओरडलो, "तिथे नको!" का ओरडलो मलाच कळलं नाही. ती मागे बसली. येताना म्हणाली, "मला भीती वाटायला लागलीये तुझी."

मलाही वाटते.

५ मार्च

कळलं! तिसाव्या सेकंदाला दोन शब्द — "असू दे." मग परत, "असू दे, असू दे." अप्पांचाच आवाज, खात्रीने. कोणाची तरी समजूत काढल्यासारखा. समोर कोणीतरी होतं.

हा मेसेज त्यांनी मला केलेलाच नाही. चौथ्यांदा फोन लावायला गेले असतील आणि बोट नेमकं माइकवर पडलं. त्यांच्या फोनवर नेहमीच व्हायचं तसं.

आईला सांगितलं. "असू दे म्हणाले? कोणाला?" बघतो म्हटलं. तिने चहात साखर दोनदा घातली.

८ मार्च, शनिवार

बाराव्या सेकंदाला लिफ्ट आहे. रेकॉर्डेड बाई — 'थर्ड फ्लोअर'. सगळ्या लिफ्टमध्ये तीच एक बाई असते, त्यावरून जागा काय कळणार!

पण दादरला तिसऱ्या मजल्यावर अप्पांचं काय काम? डॉक्टर! छातीत दुखायला लागलं असणार, समोर पाटी दिसली असणार, शिरले असणार. हे आधी सुचायला हवं होतं.

९ मार्च, रविवार

आज सगळं जुळलं. 

दारामागे एक माणूस आहे. अठरा ते बावीस सेकंद. आधी ती घरघर वाटायची. आज चारी काचा बंद करून, एसी बंद करून आवाज वाढवला आणि स्पष्ट आलं. कोणावर तरी डाफरतोय — "बाहेर गेलेत म्हणून सांग ना! प्रत्येक वेळी काय विचारतोस? कटव त्याला!"

कटव त्याला! माझ्या बापाला! दम लागलेला म्हातारा दारात उभा आहे आणि हा आतून कटव म्हणतो. आणि त्यावर अप्पा बाहेरच्या पोऱ्याला की शिपायाला म्हणतात, असू दे. भांडायचं नाही, नाव सांगायचं नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही. आयुष्यभर तेच केलं या माणसाने. त्यानंतर अर्ध्या तासात गेले ते.

सापडला पाहिजे मला हा डॉक्टर. कानाखाली जाळ काढीन! या रागानेच आज झोप लागेल असं वाटतंय, दोन वर्षांत लागली नाही तशी.

११ मार्च

ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो, बाजार चालत दहा मिनिटांवर. फूलबाजाराच्या आसपासचे तिसरे मजले. दोन दवाखाने. एकात लेडी डॉक्टर. दुसरा उघडलाच गेल्या वर्षी.

१२ मार्च

आणखी तीन. एका डॉक्टरला मुद्दाम बोलतं केलं. तो आवाज नाही. हा इतका माजलेला नाही. त्या माणसाचा आवाज मी हजारात ओळखीन.

१५ मार्च, शनिवार

नम्रता म्हणाली, सोड आता, उद्या कार्यक्रम आहे, तेवढं नीट कर. प्रफुल्ल हॉलसाठी स्वतःचे मोठे स्पीकर आणतोय. भाडं घेत नाही. म्हणाला, "एक शब्द सुटणार नाही बघ."

ते डॉक्टरचं सगळ्यांना ऐकवायचंच, ठरवलंय मी. कळू दे लोकांना अप्पा कसे गेले.

१६ मार्च, रविवार

आई सकाळीच म्हणाली, आधी मला एकटीला ऐकव. खाली गाडीत आणून बसवली, डावीकडे. कानात मशीन नीट घातलं. लावलं.

अठराव्या सेकंदाला तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हा तू ना रे?"

कोण?

"हा बोलतोय तो. शब्द नाय कळत मला, पण आवाज तुझा. पोटचा पोर, मला नाय कळणार?"

मी परत लावलं. स्वतःचा आवाज असा असतो हे कोणाला माहीत असतं? मार्चएंड. केबिनचं दार अर्धं उघडून आमचा शिपाई राजाराम म्हणाला होता, कोणी म्हातारे आलेत साहेब. मी मानही वर केली नव्हती. तिसरा मजला माझ्याच ऑफिसचा. छातीत दुखत होतं म्हणून ते माझ्याकडे आले होते.

आई रडत होती, आणि हसत होती. "म्हणजे भेट झाली तुमची! शेवटी लेकाला भेटून गेले! दोन वर्षं सांगितलं का नाहीस मेल्या?"

हो, भेट झाली, म्हणालो.

ती वर गेली. हॉलमध्ये येईल त्याला सांगतेय, शेवटची भेट सम्यकशी झाली. प्रफुल्लचा फोन आला, स्पीकर तयार आहेत, पेनड्राइव्ह घेऊन ये.