हाकेला ओ

३ जून
मी इथे नेमकं काय करते? बाबांनी फोनवर विचारलं आणि घरातल्या पहिल्या पदवीधराला धड उत्तर देता येईना. आमचा छोटा प्रोग्रॅम मशीनला बाहेरच्या कमांड, म्हणजे हुकूम, चालवायला सांगतो. काम झालं का, उत्तर नीट आलं का, ते मी तपासते, एवढं कसंबसं सांगितलं. बाबा म्हणाले, म्हणजे हाका मारायच्या आणि ओ येते का बघायचं! त्यासाठी एवढं शिकावं लागतं होय? पोट धरून हसलो.
ऑफिसातली खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. मला काम शिकवणाऱ्या ताई मायाळू आहेत. मन लावून काम करीन. दादाने स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं. तो जाऊन वर्ष होत आलं.

५ जून
आज सगळ्यांत सोपी कमांड. दिलेलं वाक्य जसंच्या तसं परत करते आणि संपते. मी लिहिलं, दादा, मी पोचले. तेच वाक्य परत आलं. त्याखाली आणखी एक ओळ: काय कलेक्टरीणबाई, खुर्ची मऊ आहे ना?
असं मला फक्त दादा म्हणायचा. इथे हे कुणालाच ठाऊक नाही.

६ जून
पुन्हा चालवली. आधी थट्टा. मग म्हणाला, दम लागतोय. मग, खिडकी उघड. दवाखान्यात शेवटी हेच म्हणत होता. त्यानंतर ओळ येत नाही, पण कमांड संपतही नाही.
त्याला धीर द्यायला नवं वाक्य लिहून पुन्हा चालवली. पुन्हा. दिवसभर.

९ जून
मशीन रखडतंय म्हणून ताई रागावल्या. कमांड चालवली की प्रत्येक वेळी तिची नवी चालती प्रत, म्हणजे प्रोसेस, जन्मते, जुनी तशीच अडकून राहते, म्हणाल्या. नवख्यांची नेहमीची चूक. आपण सुरू केलेलं आपणच बंद करायचं असतं.
मला वाटलं होतं, मी एकाच दादाशी बोलतेय.

१० जून
अडकलेल्या सगळ्या उघडून पाहिल्या. प्रत्येकीत तो. वेगळा, एकटा. सगळ्यांना खिडकी हवी — एक म्हणतो, शेजारी कुणीतरी धापा टाकतंय, माझं राहू दे, आधी त्याला बघ. असाच होता तो — असाच —

११ जून
बंद केले. मीच. ताई म्हणाल्या, एका फटक्यात होतं. मी एकेक —
मग शेवटचं, एकदाच, पुन्हा चालवली. चिडवत होता. हसत — दम लागायच्या आत मी त्याला —