तुमचं वाक्य, माझा आवाज

नातीच्या लग्नाची पहिली पत्रिका तुमच्या फोटोपुढे ठेवली नाही. सून म्हणाली, आई, देवापुढे ठेवली, आता नानांपुढे ठेवू या. म्हटलं, त्यांना बोलावणं नाही. फोटो भिंतीवरून काढून पलंगाखाली सारलाय, तोंड खाली करून. मेलेल्या बापाला शिक्षा करायची तर माझ्या हातात दुसरं आहे काय, नाना?

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. माझ्या लग्नाचा चुडा भरायला बांगडीवाली आली होती, मुसलमानाची. एक काच न मोडता तिनं दोन्ही हात हिरवे केले. चुडा भरला की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, मग ती कोण का असेना, हा आपल्यातला रिवाज. मी वाकले, तर तुम्ही दंडाला धरून मला सरळ केलंत. "तिच्या पाया पडतेस? आज हात धरतात, उद्या पोर पळवतील." तिच्या तोंडावर बोललात. मराठी तिला कुठली कळायला, असं वाटलं असेल. बडोद्यात जन्म गेलेला तिचा, रोज आपल्याच लोकांच्या घरांतून फिरायची. मान खाली घालून ती टोपली बांधत राहिली. तिनं तुमचं काय केलं होतं? काही नाही. ऑफिसात कुणीतरी बोललं, ते तुम्ही भाजीच्या पिशवीसारखं घरी घेऊन आलात.

मला चौथीतून शाळा सोडवलीत, पण हे एक वाक्य पक्कं पाठ करून घेतलंत. गेल्या महिन्यात आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत भजनानंतर बायका बसल्या होत्या, लग्नांच्या गोष्टी निघाल्या. मी तुमची नक्कल केली, मिशीवर हात फिरवून. बायका हसल्या. एकीनं ते मोबाइलवर घेतलं. निवडणूक तोंडावर आलेली. आठ दिवसांत माझा आवाज उमेदवाराच्या रिक्षावर चढला, भोंग्यातून गल्लोगल्ली. "बा शुं कहे छे, सांभळो!" बा काय म्हणते, ऐका! आणि मागे ढोल.

त्या बांगडीवालीची सून तीस वर्षं माझ्याकडे येते. नातीचा चुडा तीच भरणार होती. माप घ्यायला आली, तर गेटवर सोसायटीतल्याच तरण्यांनी अडवलं आणि टोपली उलटी केली. मी खाली पोचते तो फरशीभर काचा. ती रडत नव्हती. "बा, अवाज तो तमारो ज छे," म्हणाली. "अमे तमारुं शुं बगाड्युं?" आवाज तर तुमचाच, आम्ही तुमचं काय वाकडं केलं? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ते माझे नाना म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली बाई, बापाच्या धोतरामागे लपले! ती रिकामी टोपली उचलून निघून गेली. नंतर निरोप आला, चुड्याला दुसरी कुणी बघा.

परवा उमेदवार पाया पडायला आला. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. म्हटलं, आशीर्वाद नंतर, आधी रिक्षावरून माझा आवाज उतरव. हसतो मेला. "बा, हवे तो आखा वडोदरामां फरे छे." आता तो अख्ख्या बडोद्यात फिरतोय म्हणे. म्हटलं, फिरू दे, मीपण फिरते. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कोपरासभेत पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसते. तो बोलायला लागला की उठते आणि सांगते, भोंग्यातली बाई मी, आणि ते वाक्य खोटं. माईक देत नाहीत, पण माझ्या गळ्याला माईक लागतो कुठे? आता त्याची माणसं मला बघून सभेची जागा बदलतात. तो पडेल की नाही माहीत नाही. मला बघितलं की त्याला घाम फुटतो, तेवढा मी रोज बघून येते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुमच्यावर आग पाखडायला बसले आणि एक गोष्ट लपवत राहिले. बायकांनी पुन्हा सांगा म्हटलं, तेव्हा समोर धरलेला मोबाइल मला दिसत होता. मी मुद्दाम आवाज चढवला. फार बरं वाटलं होतं, नाना.

उद्या बांगडीवालीच्या सुनेच्या घरी जाणार आहे. दार उघडेल, नाही उघडेल. तिनं पुन्हा तेच विचारलं तर तुम्ही मधे यायचं नाही. उत्तर मी द्यायचं.