मोहाखालचं काळं

प्रिय धनराज,

उंटावरच्या शहाण्या, फोन उचलत नाहीस म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या खुशालच्या हाती ऊर्जानगरला पाठवतेय. उभ्या उभ्या नको वाचू, बस आणि वाच.

आईच्या खोलीतल्या, मी काढलेल्या मोहाच्या चित्रावर तू बोर्ड रंगवणाऱ्या हेमराजकडून हिरवं गवत काढवून घेतलंस म्हणे! वनखात्यातले साहेब जेवायला येणार, जळकी जमीन पाहून काय म्हणतील, म्हणून? अरे, पडलेली फुलं काळ्या जमिनीवर उठून दिसावीत, वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाला कोण पेटवायचं? तूच ना? काडेपेटीसाठी माझ्याशी भांडायचास. जाळणं चूक होतं तर साहेबांना तसं सांगायचं होतंस. रंग फासून काय लपवलंस?

ते काळं मी ट्यूबमधून पिळलं नव्हतं. तपकिरीत निळा कालवून सात वेळा थर दिला, तेव्हा कुठे पहाटेची राख उतरली. त्यावर फुलं ब्रशनं नाही, सुरीच्या टोकानं ठेवली, जाड, एकेक. चामोर्शीच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात पाच महिने गेले त्यात. हेमराजनं तासाभरात गवत उगवलं. लाज नाही वाटली रे तुला?

जाड का, हे तू कधी विचारलं नाहीस. गावचा मोह रस्त्याच्या कामात तोडला गेला, आई तुझ्या क्वार्टरवर आली, आणि तिचे डोळे अधू झाले. काळ्यावरचं पांढरं तेवढं तिला दिसतं, बाकी बोटांनी समजतं. रोज सकाळी ती त्या चित्रातली फुलं वेचते. तुला वाटतं भिंत चाचपते.

काल आई तिथल्या शेजारणीच्या फोनवरून बोलली. म्हणाली, बाई, बोटाले फुलं लागतेत पन दिसत नाईत व, गवत माजलं, औंदा काऊन कोनी झाडलं नाई? मी रडले, धनराज. मग तुझा असा राग आला की भाकरी करपली.

ऐक आता. तेलरंग आहे, हिरवा अजून ओला असेल, खालचं माझं काम वर्षाचं वाळलेलं आहे. चित्र उन्हात ठेवू नको, पंख्याखाली नको, हेमराजला दारात उभं करू नको. उद्या पहिल्या बसनं टर्पेंटाइन आणि जुनं लुगडं घेऊन येतेय. पुसताना चित्र धरायला तू घरी थांबायचं, ड्युटी बदलून घे. आईला यातलं काही सांगू नको. तिनं मला येताना खराटा आणायला सांगितलाय, आणि मी आणते म्हणाले आहे.

तुझीच, अजून रागातच असलेली,
रीताताई