बैशेनालीची रिकामी थैली

ताश-केचू,
२ ऑक्टोबर २००९

माझ्या लाडक्या बेगिमायला,

तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून सांगते. गाढवावरून पडलीस तेव्हा जिच्या मांडीत भोकाड पसरलंस, तीच मी. बाकी सगळं ठीक. तांबडी गाय गाभण आहे, गुडघे कुरकुरताहेत.

अक्षर ओळखलंस? आपला पोस्टमन बैशेनाली लिहितोय. मी सांगते, तो लिहितो आणि मधेमधे नाक मुरडतो.

म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? ऐक. शहरातून एक साहेब आले होते. बैशेनालीची डोंगरातली वाट स्वतः चालून बघायची आणि चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवायचं. आम्ही म्हटलं, खूश करून सोडू. दाराशी आलेल्याने नानचा तुकडा मोडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण तुकड्यावर कोण थांबतंय! घराघरानं साय वाढली, मटण वाढलं, वर घोडीचं आंबवलेलं दूध. माझ्या दारी पोचले तेव्हा साहेबांचा पट्टा हातात आणि बूट बैशेनालीच्या थैलीत. थैलीत जागाच जागा. पत्र एकही नव्हतं.

साहेब आडवे पडूनच म्हणाले, "आजी, वाट पत्रांसाठी असते. वसंतापर्यंत थैली अशीच राहिली, तर हा खालीच बसेल. टपालाला तुम्ही उतरून या."

"उतरेन की! वर तुम्ही उचलून आणाल ना?"

हसले. पण बोललेलं मागे घेतलं नाही.

आता म्हणशील, आजीला अक्षर कळत नाही, तिला पत्रांचं काय एवढं? बैशेनाली वाचून दाखवतो. छान वाचतो. घाई नसते त्याला. चहा होतो, धुराडं कोंडलं तर साफ करून देतो. बर्फ पडल्यावर या दारात दुसरं येतंय कोण?

बघ, लेखणी थांबली. म्हणतो, "वहिनी, हेही लिहायचं?" मी म्हटलं, "टपालखात्याचा ना तू? दिलंय ते पोचव." कान लाल झालेत. तेही लिही म्हटलं.

तर, बाजारातून सुके जर्दाळू पाठव. एकदम पोतं पाठवलंस तर याद राख! दर आठवड्याला मूठभर, वेगळ्या पुडक्यात, टपालानं.

अक्षर त्याचं, अंगठा माझा,
आजी सोनुन

ता. क. बिया काढलेले नकोत. दोघांनी फोडत बसायचं म्हणजे वेळ लागतो. लागू दे.